पाड्यावरून अधीक्षक कार्यालयापर्यंत: आदिवासी मुलामुलींसाठी पोलीस खात्यातला हिशेब

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, हरसूल, कळवण, इगतपुरी या पट्ट्यातल्या मुलांना पोलीस भरतीचं मैदान नवं नाही. पण त्यातली बरीच मुलं शिपाई म्हणून आत जातात आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याच शिडीवर हळूहळू चढत राहतात. खात्यात कोणत्या पायरीवरून आणि कोणत्या वयात शिरलात, यावर निवृत्तीचं पद बरंचसं ठरतं. म्हणून आधी शिड्या समजून घ्या. मैदानाची तयारी त्यानंतर.

आत जायचे दरवाजे चार. बारावीनंतर पोलीस शिपाई. पदवीनंतर राज्य लोकसेवा आयोगामार्फत उपनिरीक्षक, म्हणजे पीएसआय. त्याच आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून उपअधीक्षक, म्हणजे डीवायएसपी. आणि केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेतून थेट आयपीएस. शिपाई हवालदार, सहायक उपनिरीक्षक असा चढतो. पीएसआय पुढे एपीआय (सहायक निरीक्षक) आणि पीआय (निरीक्षक) होतो. उपअधीक्षकपद त्याला मिळालंच तर बहुधा नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात मिळतं. सरळ सेवेने आलेला उपअधीक्षक मात्र ८ वर्षांच्या सेवेनंतर आयपीएस पदोन्नतीच्या विचारकक्षेत येऊ शकतो. आयपीएसच्या वरिष्ठ पदांपैकी ३३⅓ टक्के जागा राज्य पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी असतात. प्रत्यक्ष नंबर लागायला ८ पेक्षा बरीच जास्त वर्षं जातात. त्यामुळे पंचविशी-सत्ताविशीत उपअधीक्षक झालेल्याला पुढे वाव उरतो आणि चाळिशीत झालेल्याला फारसा उरत नाही.

आधी कागद, तोही बारावीच्या आत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. प्रांत कार्यालयातून मिळालेला जमातीचा दाखला म्हणजे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे वैधता प्रमाणपत्र, आपण ज्याला 'व्हॅलिडिटी' म्हणतो. ते नाशिकची अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती देते. हा अर्ज शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा निवडणुकीसाठी असा कारण दाखवून करावा लागतो. नोकरीच्या कारणाने करायचा तर आधी निवडीचं पत्र हवं. म्हणून अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत, शिक्षणाच्या कारणाने अर्ज टाका. तेच प्रमाणपत्र पुढे भरतीत चालतं.

जोडायचे पुरावे: स्वतःचा, वडिलांचा, आजोबांचा आणि सापडल्यास चुलत आजोबांचाही शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने उतारे, वंशावळीचं शपथपत्र. कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात राहतं, हे त्यातून दिसलं पाहिजे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल, तर त्याची प्रत हा सगळ्यात भक्कम पुरावा. लग्न झालेल्या मुलींनी माहेरचे, वडिलांच्या बाजूचे कागद लावायचे. नवऱ्याचे चालत नाहीत.

प्रकरण अडकतं ते बहुधा नोंदीतल्या एका शब्दावर. अनुसूचित जमातींच्या यादीत 'कोळी महादेव' आहे आणि आजोबांच्या दाखल्यावर नुसतं 'हिंदू कोळी'. 'ठाकर' की 'ठाकूर', 'कोकणा' की 'कोकणी', हेही तसंच. असा कागद लपवू नका. समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर पाहतंच, आणि दडवलेली नोंद सापडली की बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो. त्या नोंदीहून जुनी, स्पष्ट नोंद शोधून दोन्ही सोबत लावा. जितकी नोंद जुनी, तितकं तिचं वजन जास्त.

पथक घरी आल्यावर कुलदैवत, लग्नाच्या चालीरीती, सण आणि बोली यांबद्दल विचारतं. आश्रमशाळेत वाढलेल्या मुलांना यातलं पुष्कळ माहीत नसतं. आजी-आजोबांजवळ चार संध्याकाळी बसून कणसरी, डोंगऱ्या देव, वाघबारस, बोहाडा, वारल्यांकडे लग्न लावणारी धवलेरी हे सगळं नीट विचारून घ्या. हे नुसतं चौकशीपुरतं नाही, आपलंच आहे ते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे की ही आप्तभाव चाचणी म्हणजे एकमेव कसोटी नव्हे. त्यामुळे जुने कागद पक्के असतील तर घाबरायचं कारण नाही.

व्हॅलिडिटीशिवाय राखीव जागेवर रुजू होऊन 'पुढे बघू' म्हणणं फार महागात पडतं. दावा अवैध ठरला तर नोकरीला संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. एक दिलासा मात्र आहे. अनुसूचित जमातीला नॉन-क्रीमी लेयर लागत नाही. त्यासाठी सेतू केंद्रात पैसे आणि दिवस घालवू नका.

राज्यस्तरावर अनुसूचित जमातीचं आरक्षण ७ टक्के आहे. पण शिपाई भरतीत प्रत्येक पोलीस घटकाच्या जागा त्याच्या बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे राखीव जागांच्या क्रमतक्त्याप्रमाणे निघतात, म्हणून नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीणचे आकडे वेगळे दिसतात. जाहिरातीतला तक्ता आधी वाचा, मग घटक निवडा. धरणात जमीन गेलेल्या घरांनी प्रकल्पग्रस्ताचा दाखला जरूर काढावा, त्याला ५ टक्के समांतर आरक्षण, म्हणजे आपल्याच प्रवर्गाच्या जागांमधला वेगळा वाटा आहे. दिंडोरी-इगतपुरी भागात कितीतरी घरांचा हा हक्क नुसता पडून असतो. होमगार्डमध्ये ३ वर्षं सेवा झाली असेल तर तिथेही ५ टक्के आहेत.

मैदान

शिपाई भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर (१५) आणि ७.२६० किलोचा गोळा (१५). मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, आणि गोळा ४ किलोचा. उंची मुलांना १६५ सेंमी, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून ५ सेंमी जास्त. वय १८ ते २८, जमातीसाठी ३३ पर्यंत. ५० पैकी किमान २५ मिळाले तरच लेखीचा विचार होतो, तोही एका जागेमागे १० जण या प्रमाणात. म्हणजे २५ वर समाधान मानून भागत नाही. चाळिशीच्या पुढचे गुण हवेत.

१६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे चार फेरे, म्हणजे दर फेरा साधारण ७७ सेकंदांचा. मुलींना ८०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंद, दर फेरा ८५ सेकंदांचा. डोंगरात वाढलेल्या मुलांची दमछाक कमी होते. त्यांचं बिघडतं ते पहिल्या फेऱ्यात. गर्दीबरोबर ६५ सेकंदांत पहिला फेरा मारायचा आणि तिसऱ्यात पाय जड करून घ्यायचे. हातात घड्याळ घेऊन दर फेऱ्याचा वेळ वहीत लिहा.

तयारीला १४ ते १६ आठवडे धरा. आठवड्यातून दोनदा ४०० मीटरचे सहा फेरे, दर फेरा ८० सेकंदांच्या आसपास आणि मधे दोन मिनिटं चालणं. एकदा ६ ते ८ किलोमीटर निवांत धावणं. दोनदा ३० आणि ६० मीटरच्या छोट्या दौडी, कारण १०० मीटरला मुलांना ११.५० आणि मुलींना १४ सेकंदांत पूर्ण गुण मिळतात आणि ते सुटतात बहुधा सुरुवातीच्या २० मीटरमध्ये. एक दिवस पूर्ण विश्रांती. डांबरी रस्त्यावर रोज धावलात तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. मातीच्या मैदानावर धावा आणि बूट आधीपासून पायात मुरवा. आयुष्यभर अनवाणी धावून चाचणीच्या दिवशी नवे बूट घालणाऱ्याच्या पायाला हमखास फोड येतात.

गोळ्याकडे दुर्लक्ष नको. मुलांना ८.५० मीटर आणि मुलींना ६ मीटर टाकला की १५ गुण. क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकला तर खांदा जातो आणि टाकही बाद होते. गोळा मानेला टेकवून, गुडघा वाकवून, कमरेतून वळत पुढे ढकलायचा. जोर पायातून येतो. आठवड्यातून तीन दिवस १५-२० टाक पुरे.

सराव सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. आपल्या पट्ट्यात सिकलसेल वाहक पुष्कळ आहेत. वाहक माणूस एरवी धडधाकट असतो, पण उन्हात, पाणी न पिता एकदम जोराने धावला तर कोसळू शकतो. वाहक निघालात तर वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारून सराव हळूहळू वाढवा, पाणी सोबत ठेवा आणि दुपारचं धावणं बंद करा. ही तपासणी अजिबात टाळू नका.

उंची काठावर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत पोलीस सेवेसाठी अनुसूचित जमातीला उंचीची सूट मिळू शकते: पुरुषांना १६० सेंमी, महिलांना १४५. राज्याच्या भरतीत ही सूट गृहीत धरू नका. तिथे पीएसआय आणि उपअधीक्षक पदांना पुरुष १६५, महिला १५७ असंच धरून चाला.

लेखी आणि वरच्या परीक्षा

शिपायाची लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची: गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. ४० टक्क्यांच्या खाली बाद. घरी कोकणा किंवा भिली बोलणाऱ्या मुलांचे गुण व्याकरणात जातात. समास, प्रयोग आणि विभक्ती रोज अर्धा तास केल्या की हेच गुण सगळ्यात लवकर वाढतात. कळवणला आदिवासी उमेदवारांसाठीच्या केंद्रात विद्यावेतनासह स्पर्धा परीक्षेचं साडेतीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं. खाजगी क्लासची फी भरण्याआधी तिथे आणि गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात चौकशी करा.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, लेखी १७५० आणि मुलाखत २७५. पाठांतरावर निघेल अशी ही परीक्षा उरलेली नाही. रोज एक पान हाताने लिहायची सवय पहिल्या वर्षापासून हवी. केंद्राच्या परीक्षेत जमातीच्या उमेदवाराला ३७ वर्षांपर्यंत कितीही वेळा बसता येतं. पण घरची परिस्थिती बघता सगळी वर्षं त्यातच घालवणं आम्हाला पटत नाही. शिपाई किंवा पीएसआयची नोकरी धरा, पगार घरी जाऊ द्या आणि वरच्या परीक्षा देत राहा. फक्त अर्ज करण्याआधी कार्यालयाला लेखी कळवा आणि ना हरकत पत्राची पोच फाइलला लावा. नाही तर मुलाखतीच्या तोंडावर धावपळ होते. खात्यांतर्गत पीएसआय परीक्षेचे नियम शासन वेळोवेळी बदलतं, म्हणून फक्त तिच्या भरवशावर बसू नका.

आत गेल्यावर

पीएसआय झालात तर प्रशिक्षण त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत, म्हणजे घरच्या अंगणातच. त्या काळात कायद्याची पुस्तकं खरोखर वाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत आणि जुनी गाईडं अजून बाजारात फिरतात.

पोस्टिंग सुरगाणा, बाऱ्हे किंवा हरसूलला मिळाली तर ती शिक्षा समजू नका. फिर्यादीची बोली कळणारा अधिकारी जबाब अचूक लिहितो, आणि कोर्टात केस उभी राहते ती जबाबावर. पण कायम बंदोबस्तावरच राहू नका. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात बंदोबस्त करावाच लागेल, तरी तपासाची कामं मागून घ्या. अॅट्रॉसिटीच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास नियमाने उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो आणि ६० दिवसांची मुदत असते. त्यांच्या हाताखाली अशा दोन-तीन तपासांत काम केलं की घटनास्थळ पंचनामा, जातीचे पुरावे आणि दोषारोपपत्राची मांडणी हाताला बसते.

पदोन्नतीसाठी दोन कागद सांभाळा. पहिला, गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठांनी लिहिलेलं तुमच्या कामाचं मूल्यमापन. शेरा किंवा प्रतवारी खालची मिळाली तर ती तुम्हाला कळवणं बंधनकारक आहे, आणि मुदतीत लेखी म्हणणं मांडता येतं. दुसरा, सेवाज्येष्ठता यादी. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयानंतर पदोन्नत्या सेवाज्येष्ठतेवर होऊ लागल्या, त्यामुळे यादीतलं स्थान फार महत्त्वाचं. तात्पुरती यादी निघाली की त्याच आठवड्यात आपली जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि जमातीचा रकाना तपासा. चूक दिसली तर हरकत आवक-जावक शिक्क्यासह द्या आणि शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा.