पुस्तक बाजूला ठेवून स्पॅनिश शिकवताय? मग या चुका टाळा

पुण्यात स्पॅनिशच्या बॅचला येणारी मंडळी साधारण ठरलेली असतात. हिंजवडी-खराडीतून शनिवार-रविवारी येणारे इंजिनिअर, भाषेत करिअर करू पाहणारी कॉलेजची मुलं, डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करणारे. सेर आणि एस्तार या 'असणे' अर्थाच्या दोन क्रियापदांमधला फरक यातले बरेचजण फळ्यावर बिनचूक लिहून दाखवतात, पण समोरच्याला दोन प्रश्न विचारायची वेळ आली की तोंड उघडत नाही. म्हणून पाठ्यपुस्तकाऐवजी तिकडची खरी मेनूकार्डं, जाहिराती, वेळापत्रकं, रेडिओचे तुकडे वर्गात आणायचे. ही वाट योग्यच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती फसते तेव्हा दोष बहुधा त्या कागदाचा नसतो, त्या कागदाचं आपण वर्गात काय केलं याचा असतो.

कागद खरा, काम मात्र पुस्तकी

सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. स्पेनमधल्या हॉटेलांत दुपारच्या जेवणाला 'मेनू देल दिया' असतो: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, शेवटी गोड किंवा फळ, सोबत पाव आणि पेय, सगळं मिळून एकच किंमत. शिक्षक तो छापून आणतात आणि खाली प्रश्न काढतात, "दुसऱ्या पदार्थांत किती पर्याय आहेत? किंमत किती?" मेनूकार्ड हातात घेऊन असे प्रश्न कुणी कुणाला विचारतं का?

त्याऐवजी असं करून बघा. वर्गात शाकाहारी, अंडं खाणारे, चतुर्थीचा उपास करणारे असे सगळे असतातच. सांगा, तुम्हाला इथे जेवायचंय, तुम्हाला चालेल ते मागवा. यादीत 'लेन्तेखास' म्हणजे मसूर दिसतात, शाकाहारी विद्यार्थी खूश होतो. पण स्पेनमध्ये त्यात बऱ्याचदा चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. 'एन्सालादा मिक्स्ता'मध्ये पुष्कळदा टूना मासा असतो. हे मेनूवर लिहिलेलं नसतं, वेटरलाच विचारावं लागतं: "येवा कार्ने? येवा आतून?" म्हणजे यात मांस आहे का, टूना आहे का? कुठल्या पदार्थात काय आहे, याची चिठ्ठी फक्त वेटर झालेल्या विद्यार्थ्याकडे ठेवा. बाकीच्यांना विचारल्याशिवाय ते कळता कामा नये. आता प्रश्न पाठ करून येत नाही, गरजेतून येतो. एरवी गप्प बसणारी मुलंही इथे बोलतात, कारण ताटात काय येणार हे त्यावर ठरतं.

मजकूर सोपा करत बसणे

खरी सामग्री अवघड वाटते म्हणून शिक्षक तिच्यातली वाक्यं बदलतात, क्रियापदं वर्तमानकाळात आणतात. उरतं ते पुन्हा पाठ्यपुस्तकच, फक्त झेरॉक्सवर. मजकूर आहे तसा राहू द्या, काम सोपं करा. पाच मिनिटांच्या बातमीतून ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या विद्यार्थ्याने फक्त शहरांची नावं आणि तापमान टिपलं तरी पुरे.

आकडे शिकवायला माझी आवडती सामग्री म्हणजे दर २२ डिसेंबरला निघणारी स्पेनची नाताळची लॉटरी. माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं पाच आकडी नंबर आणि बक्षिसं गाऊन जाहीर करतात. बहुतेक बक्षिसं १,००० युरोंची, त्यामुळे 'मिल एउरोस' सतत कानावर पडत राहतं. दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्या, विद्यार्थ्यांना पंधरा-वीस नंबर छापून द्या आणि हाउझीसारखे ऐकू येतील ते खोडायला सांगा. पहिल्यांदा लावल्यावर फारसं काही हाती लागत नाही, तिसऱ्यांदा वर्ग स्वतःच 'पुन्हा लावा' म्हणतो. थेट प्रक्षेपण स्पेनमध्ये सकाळी नऊला सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीडला. शनिवार-रविवार आला तर बॅचमध्ये थेटच बघा.

शब्दन् शब्द मराठीत सांगणे

मोह समजतो, पण आवरा. कामाला लागणारे पाच-सहा शब्द आधी द्या, बाकीचे संदर्भावरून ओळखू द्या.

कुठल्या देशाचा कागद, हे न सांगणे

पुस्तकात एकच स्पॅनिश असतं, इंटरनेटवर वीस देशांचं. तोर्तिया स्पेनमध्ये बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट, मेक्सिकोत मक्याची किंवा गव्हाची पोळी. मित्रांच्या घोळक्याला 'तुम्ही' म्हणताना स्पेनमध्ये 'वोसोत्रोस', लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस'. घरभाड्याच्या जाहिराती तर जरूर वापरा, पुणेकर विद्यार्थ्यांना त्या फार भावतात. फक्त लक्षात ठेवा, स्पेनच्या जाहिरातीत 'दोस आबितासिओनेस' म्हणजे दोन बेडरूम, पण बुएनोस आइरेसमध्ये 'दोस आम्बिएन्तेस' म्हणजे हॉल धरून दोन खोल्या, आपला वन बीएचके. प्रत्येक प्रिंटच्या कोपऱ्यात देशाचं नाव लिहा.

व्याकरण हद्दपार करणे, आणि मध्येच टोकणे

संवादावर भर म्हणजे व्याकरण नको, असा समज करून घेऊ नका. काम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. विद्यार्थी बोलत असताना चुका वहीत टिपा, नाव न घेता नंतर फळ्यावर मांडा आणि वर्गालाच दुरुस्त करू द्या. वाक्य अर्ध्यात तोडलंत की लाजाळू विद्यार्थी पुढचे दोन आठवडे बोलत नाही. समजावताना मराठीचा आधारही घ्या: 'मे गुस्तान लोस मांगोस'ची रचना 'मला आंबे आवडतात'सारखीच आहे. इंग्रजीतून समजावून तिचा विनाकारण गुंता होतो.

"सर, पोर्शन किती झाला?"

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. फी भरलेली असते, डेलेची तारीख डोक्यात असते. 'भाषा अशीच येते' हे उत्तर पुरत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय भाषा-आराखड्यात प्रत्येक पातळीवर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे याची विधानं आहेत, आणि डेलेच्या पातळ्याही त्यावरच बेतलेल्या आहेत. ती मराठीत करून पहिल्याच दिवशी वाटा: 'जेवण मागवता येतं', 'गाडीची वेळ विचारता येते', 'भाड्याचं घर कसं हवं ते सांगता येतं'. दर रविवारी विद्यार्थ्यांनी स्वतः खुणा कराव्यात. सुरुवातीच्या पातळीच्या डेले परीक्षेत छोट्या सूचना आणि जाहिराती वाचाव्या लागतात, हेही दाखवून द्या. मग पुस्तक मागणारे पालकही निवांत होतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. लिंक सांभाळून ठेवू नका, त्या मरतात. सापडेल ते त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून तारखेसह साठवा. दोन वर्षांपूर्वीचं मेनूकार्ड चालून जातं. रेल्वेचं वेळापत्रक मात्र दर बॅचला नवं काढा, कारण कुणीतरी विद्यार्थी घरी जाऊन ती गाडी खरंच शोधतो.