ठाणे-नवी मुंबईच्या हवेत घराचा रंग निवडताना

नेरूळच्या आमच्या रो-हाऊसमधील पश्चिमेच्या खोलीला काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, मी दुकानातले सर्वांत महाग, धुता येणारे इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा प्लॅस्टिक पेंट, लावून घेतले होते. पुढच्या जुलैत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला रुपयाएवढा फुगा आला. नखाने तो फोडला तेव्हा आतून पाण्याचा थेंब ओघळला आणि मागची पुट्टी ओल्या पिठासारखी बोटाला लागली. रंगात काही खोट नव्हती. बाहेरच्या बाजूने खिडकीची चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी झिरपत होते आणि ते सुकायला वाटच राहू नये असा घट्ट पापुद्रा मी आतून चढवला होता. तेव्हापासून मी रंग एकेका भिंतीसाठी वेगळा ठरवतो, आणि त्या भिंतीत पाणी कुठून येते हे कळल्याशिवाय दुकानात जात नाही.

ही पाहणी पावसाळा चालू असतानाच करावी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींना सर्वाधिक मार बसतो. ठाण्यात किंवा वाशीत ज्यांच्या खिडक्या थेट खाडीकडे उघडतात, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ओल फरशीलगत दिसत असेल तर ती बहुधा जमिनीतून वर चढत असते, खिडकीच्या कोपऱ्यात असेल तर सांधा किंवा छज्जा पाहावा, आणि छतावर असेल तर गच्ची किंवा वरच्या घराचे न्हाणीघर. भिंतीवर पांढरा, मिठासारखा लोणा दिसला तर आतून पाणी बाहेर येत आहे, हे नक्की समजावे. शंका असल्यास हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला दव धरले, तर ती भिंत रंगाला अजून तयार नाही.

दिवाळीआधी घर रंगवण्याची आपली रीत मनाला प्रिय असली, तरी ऑक्टोबरमध्ये हवा तापते पण भिंतीच्या पोटातली ओल पुरती गेलेली नसते. आतल्या कोरड्या भिंती दिवाळीपूर्वी जरूर रंगवाव्यात; बाहेरचे काम मात्र डिसेंबर ते एप्रिल या काळात करावे. नव्या गिलाव्याला आधी पाणी मारून निदान २८ दिवस मुरू द्यावे आणि नंतर तो पूर्ण सुकेपर्यंत थांबावे, कारण ताज्या सिमेंटचा क्षार रंग खातो.

बाहेरच्या भिंतींसाठी पूर्वी सिमेंट पेंट सर्रास वापरला जाई. तो स्वस्त असतो, पण भेग झाकत नाही आणि त्याची भुकटी होऊन लवकर उडते. आता पूर्ण ॲक्रिलिक एक्स्टिरिअर इमल्शन हा योग्य पर्याय आहे. त्यातही ज्या भिंतीला पावसाचा मार आहे आणि केसासारख्या बारीक भेगा आहेत, तिथे ताण सहन करणारे, रबरासारखे लवचिक लेपन घ्यावे, तर उत्तरेच्या किंवा झाडाच्या सावलीतल्या भिंतीला शेवाळरोधक प्रकार घ्यावा. मोठ्या भेगा मात्र कोणताही रंग बुजवत नाही. त्या व्ही आकारात उकरून पॉलिमर भराव घातल्याशिवाय डबा उघडू नये. शेवाळ असेल तर ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून, धुऊन, भिंत वाळू द्यावी, कारण शेवाळावर दिलेला रंग शेवाळासकट निघतो. आतली ॲक्रिलिक पुट्टी बाहेर कधीही वापरू नये. पाणी लागताच ती मऊ पडते. बाहेरची छटा निवडताना मातीचे रंग, म्हणजे गेरू, पिवळी माती, करडा, हे उन्हात जास्त टिकतात, आणि भडक लाल-पिवळे लवकर विटतात, हे लक्षात ठेवावे. गर्द रंगाची भिंत तापतेही जास्त.

इमारतीत राहणाऱ्यांसाठी बाहेरचा रंग सोसायटीच्या सभेत ठरतो, आणि चर्चा बहुधा छटेवरच संपते. तिथे उठून एवढे विचारावे की कंत्राटात भेगा भरणे, एक हात प्रायमर (रंगाखालचे अस्तर) आणि दोन हात रंग हे स्पष्ट लिहिले आहे का. झुल्यावरून एकच पातळ हात मारून काम आटोपले, तर तीन पावसाळ्यांच्या आत पुन्हा वर्गणी काढावी लागते.

ग्रिलसाठी एकच आग्रह: खाडीच्या खाऱ्या हवेत गंज झपाट्याने चढतो, म्हणून तारेच्या ब्रशने तो पूर्ण काढून त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमर मारावा आणि मग एनॅमलचे, म्हणजे चकचकीत ऑइल पेंटचे, दोन हात द्यावेत.

आत आधी तळहात भिंतीवर घासून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. तो खरवडल्याशिवाय इमल्शन धरणार नाही, पोपडे निघतील. जुन्या स्वयंपाकघरात ऑइल पेंट असेल, तर त्याची चकाकी पॉलिश पेपरने मारून मगच प्रायमर द्यावा. हे घासकाम ओले करूनच करावे, लहान मुलांना दूर ठेवावे, कारण जुन्या एनॅमलमध्ये शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली आहे.

त्यानंतर प्रश्न उरतो चकाकीचा. बैठकीच्या खोलीला मॅट, म्हणजे बिनचकाकीचे, फिनिश शोभते, कारण जुन्या इमारतींच्या गिलाव्यातले उंचसखलपण ते झाकते. चकाकीचा रंग प्रत्येक उंचवटा उजेडात दाखवतो. मुलांच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात, जिथे हात आणि तेलाची वाफ लागते, मंद चकाकीचे सॅटिन घ्यावे. छताला पांढरा मॅट पुरेसा आहे. न्हाणीघराच्या छताला बुरशीरोधक घ्यावा. बाहेरचे इमल्शन उरले म्हणून ते खोलीत लावू नये, त्यातली बुरशीनाशके उघड्या हवेसाठी असतात. आतल्या रंगात कमी व्हीओसीचा (रंगातून हवेत उडणारी रसायने कमी असलेला) प्रकार जरूर मागावा, विशेषतः घरात दम्याचा त्रास असणारे कुणी असेल तर.

छटेचा निर्णय शेड कार्डच्या इंचभर चौकटीवरून करू नये. छोटा डबा आणून भिंतीवरच दोन फुटांचा चौकोन रंगवावा आणि तो सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली पाहावा. नऊ फूट उंचीच्या १० बाय १२ च्या खोलीच्या भिंती ३९६ चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा जाता साधारण ३५५. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांसाठी लिटरमागे सुमारे १०० ते १२० चौरस फूट धरले, तर चार लिटरचा एक डबा पुरतो. एकाच भिंतीला दोन डबे लागत असतील तर ते आधी एका बादलीत एकत्र ढवळावेत, कारण बॅच बदलली की छटेत सूक्ष्म फरक पडतो. शेडचा क्रमांक, बॅच आणि तारीख मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवतो. खिळ्याची भोके बुजवण्याची वेळ येते तेव्हा डब्यावरचा कागद गळून गेलेला असतो.