इंग्रजी साहित्य घेतलंय? एफवायला या चुका टाळा

कॉलेज सुरू होऊन आठवडा होत नाही तोच मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, यातलं आयएमपी काय?" अजून कविता उघडलेली नसते, कवीचं नाव धड वाचता येत नसतं, पण पेपरात काय येणार ते मात्र आधी हवं असतं. खानदेशात तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्नही ऐकते आणि पुढे पेपर तपासताना त्याची फळंही बघते. दर वर्षी मुलं नवी असतात, चुका जुन्याच. त्यातल्या दोन चुकांवर मी इथे भरपूर बोलणार आहे, कारण त्यांनी माझं डोकं सर्वांत जास्त उठवलंय.

कवितेतल्या "मी"ला कवी समजणं

रॉबर्ट ब्राउनिंगची "माय लास्ट डचेस" ही १८४२ सालची कविता कुठल्या ना कुठल्या सेमिस्टरला गाठतेच. छप्पन्न ओळींची आहे. इटलीतल्या फेराराचा ड्यूक, म्हणजे तिथला सत्ताधारी सरदार, एका पाहुण्याला आपल्या मेलेल्या बायकोचं चित्र दाखवतो. ती सगळ्यांकडे बघून सारखीच हसायची. कोणी चेरीची फांदी तोडून आणून दिली तरी तिला तेवढाच आनंद, आणि नवऱ्याने आपलं नऊशे वर्षांचं घराणं दिलं तरी तेवढाच. हे ड्यूकला खुपत होतं. बोलता बोलता तो सांगून टाकतो की मी हुकूम सोडले आणि सगळं हसणं एकदम थांबलं.

एका इंटर्नलला एका पोराने यावर दीड पान लिहिलं होतं. अक्षर सुरेख, समास आखलेला. पहिलंच वाक्य असं, की ब्राउनिंग फार संशयी नवरा होता आणि त्याने बायकोला मारून टाकलं. पुढे संशयाचे दुष्परिणाम, मग स्त्रियांवरचे अत्याचार, शेवटी आजच्या तरुणांना संदेश. मी त्याला बोलावून विचारलं, "बाबा, हे कशावरून लिहिलंस?"

"मॅडम, 'आय' लिखेल शे ना तठे!"

गडी ठाम होता. पुस्तक उघडून त्याने ओळीवर बोट ठेवलं. "आय" होताच, ठिकठिकाणी होता.

जत्रेतल्या तमाशात वगाचा राजा "आम्ही राजे" म्हणून डरकाळी फोडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या राहुटीसमोर कोणी मुजरा घालायला जात नाही. एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कविता छापील आली की मात्र तेच पोर ते विसरतं. खरा ब्राउनिंग बघायचा, तर ही कविता छापली तेव्हा त्याचं लग्नच झालेलं नव्हतं. १८४६ साली त्याने एलिझाबेथ बॅरेट या कवयित्रीशी, तिच्या वडिलांना न सांगता, लग्न केलं आणि तिला घेऊन इटलीला गेला. १८६१ साली ती फ्लॉरेन्समध्ये वारली. तिच्या शेवटच्या कविता पुढे त्यानेच छापून आणल्या. अशा माणसाला आमच्या पठ्ठ्याने एका वाक्यात खुनी ठरवलं होतं.

त्याला हे पटलं. पटल्यावर त्याने विचारलेला प्रश्न मला त्या दीड पानापेक्षा जास्त आवडला: मग ड्यूक हे सगळं त्या पाहुण्याला सांगतो कशाला? आता बघा, तो पाहुणा सोयरीक ठरवायला आलेला आहे, ड्यूकच्या पुढच्या लग्नाची. कवितेच्या शेवटी हुंड्याचा विषयही निघतो. म्हणजे बोलणी चालू आहेत, आणि नवऱ्यामुलाकडून आधीच्या बायकोचं काय झालं ते ऐकवलं जातंय. नव्या नवरीने कसं वागायचं याचा निरोप जातोय, असं वाचता येतं. खानदेशात ज्याने एकदा तरी लग्नाची बैठक पाहिली आहे, त्याला हे समजायला कुठलं गाइड लागतं?

याच चुकीची सौम्य आवृत्ती म्हणजे वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची कविता. ढगासारखा एकटाच भटकत होतो, असं कवितेतला "मी" म्हणतो. मुलं लिहितात, वर्डस्वर्थ एकटा फिरायला गेला होता. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी ती फुलं दिसली तेव्हा त्याची बहीण डोरोथी सोबत होती. तिने ते सगळं डायरीत लिहून ठेवलंय. कविता त्यानंतर दोनेक वर्षांनी झाली आणि १८०७ साली छापली गेली. बहिणीला कवितेतून का वगळलं, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. "एकटा गेला होता" असं लिहिलं की तो मुद्दाच हातचा जातो.

यावर माझी एक सवय आहे, पद्धत वगैरे काही नाही. कुठलीही कविता समोर आली की कवितेच्या वर पेन्सिलीने लिहायचं: कोण बोलतंय, कोणाशी, कुठे उभं राहून. उत्तर सापडेपर्यंत "कवी म्हणतो" हे दोन शब्द वापरायचे नाहीत. "ड्यूक म्हणतो", "बोलणारा म्हणतो" असं लिहायचं. परीक्षकाला पहिल्या ओळीतच कळतं की पोराने कविता वाचलेली आहे.

जळगावचा उन्हाळा इंग्लंडला नेणं

शेक्सपिअरचं अठरावं सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता. तुझी तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी करू का, अशी सुरुवात. आता आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, केळीच्या बागेला झळ लागू नये म्हणून शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. अशा ठिकाणी वाढलेलं पोर ही ओळ वाचतं आणि प्रामाणिकपणे लिहितं, की कवीची प्रेयसी फार तापट होती. मी हे पेपरात वाचलेलं आहे. हसू येतं, पण पोराची चूक त्यातल्या त्यात मला माफ वाटते. निदान त्याने स्वतःच्या डोक्याने वाचलं.

पण कविता कुठल्या हवेत उभी आहे ते बघावंच लागतं. शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला ऐन जुलैतही दुपारचं तापमान साधारण वीस-बावीस अंश असतं. लांबलचक हिवाळ्यानंतर येणारा तो उन्हाळा म्हणजे वर्षातला सर्वांत हवाहवासा काळ, आणि तो लवकर संपतो ही कवीची तक्रार आहे. ऊन कधी जास्त होतं, मे महिन्यात वारे कळ्यांना झोडपतात, हे दोषही तो काढतो. कौतुकाचीच गोष्ट आणून तीही कमी पडते म्हणायचं, अशी ती खेळी आहे. उन्हाळा नकोसा धरून वाचलं तर सगळं सॉनेट उलटं होतं.

शेलीच्या पश्चिम वाऱ्यावरच्या कवितेचं तेच. आपल्याकडे जूनमध्ये पश्चिमेकडून वारा सुटला की शेतकरी आभाळाकडे बघतो, बियाण्याची पिशवी जवळ करतो. शेलीने १८१९ साली फ्लॉरेन्सजवळच्या रानात अनुभवलेला वारा शरद ऋतूतला आहे, सुकलेली पानं पळवून नेणारा, येणाऱ्या हिवाळ्याची वर्दी देणारा. ऋतू आधी तपासा, भावना नंतर लिहा.

आणि हो, त्या अठराव्या सॉनेटमध्ये "प्रेयसी" कुठे दिसली? १६०९ साली छापलेल्या १५४ सॉनेटांपैकी पहिली १२६ एका तरुण पुरुषाला उद्देशून आहेत, असं अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. अठरावं त्यातलंच. स्वस्तातलं गाइड बिनधास्त "ती" लिहून मोकळं होतं आणि वर्गातली अर्धी मुलं तिच्या सौंदर्यावर निबंध लिहितात.

गाइडचं काय करायचं

"कोनतं गाइड लेऊ?" हा प्रश्न आयएमपीच्या पाठोपाठ येतो. मी गाइडविरोधी नाही. सकाळी दुसऱ्या गावाहून एसटीने किंवा सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने येणारी, दिवाळीच्या आसपास कापूस वेचायला घरी थांबणारी मुलं कुठून तरी मदत घेणारच. माझी अट एकच: आधी मूळ टेक्स्ट, मग गाइड. पहिलं वाचन मोबाइल लांब ठेवून, डिक्शनरीशिवाय. अडलेल्या शब्दांखाली फक्त रेघ. दुसऱ्या वाचनात त्यातले ज्यांच्यावाचून वाक्य उभंच राहत नाही तेवढे बघायचे. पहिल्याच वेळी प्रत्येक शब्दाला थांबलात तर दहाव्या ओळीला पहिली ओळ विसरलेली असते.

आणि मोठ्याने वाचा. लाज वाटते म्हणे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतकाम करताना त्या ओव्या म्हणायच्या, घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या, त्यांच्या मागे १९५२ साली मुलगा सोपानदेव यांनी पुस्तक काढलं. आज त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकणारी मुलं कविता नुसती डोळ्यांनी वाचतात! शेक्सपिअरच्या ओळीतला ठोका कानानेच कळतो. आजीच्या ओव्या ऐकलेल्या पोराचा कान त्यासाठी आधीच तयार असतो.

बाकीच्या, थोडक्यात

कवितेच्या उत्तरात कवीचं अर्धा पान चरित्र लिहू नका. जन्म, गाव, आईवडील हे प्रश्नात विचारलेलं नसतं.

सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन अशी यादी देऊन थांबू नका. त्या अलंकाराने तिथे काय केलं ते एका वाक्यात लिहा, नाहीतर लिहूच नका.

सिनेमा बघून नाटकाचं उत्तर लिहिणाऱ्यांना मी लगेच ओळखते, कारण ते सिनेमात घुसवलेला प्रसंगही लिहितात.

"बालकवी म्हणजे मराठीतला वर्डस्वर्थ" हे वाक्य आता पुरे. एक ऐंशी वर्षं जगला. दुसरा, आपल्या धरणगावचा, १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही झालेला नव्हता. तुलना करायचीच तर दोघांची एकेक कविता समोर ठेवून करा.

मोबाइलमधल्या चॅटबॉटकडून उत्तर घेतलंत तर त्यातली प्रत्येक ओळ पुस्तकात शोधा. नाटकात कुठेच नसलेल्या ओळी अवतरण चिन्हात टाकून दिलेल्या असाइनमेंट माझ्या टेबलावर आल्या आहेत. त्यांना मी शून्य देते, वाद घालायला आलात तरी.

टेक्स्ट मिळत नाही ही सबब चालणार नाही. शेक्सपिअर, वर्डस्वर्थ, शेली, ब्राउनिंग, सगळे कॉपीराइटबाहेर आहेत आणि प्रोजेक्ट गटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतात. कळलं नाही तर वर्गात हात वर करा. अहिराणीत विचारलंत तरी चालेल. पेपर तेवढा इंग्रजीत लिहा.