थ्री नॉट थ्रीवरचे शिक्के वाचताय? मग या चुका टाळा

जुनी मिलिटरी सरप्लस, म्हणजे लष्कराने वापरून विकून टाकलेली, रायफल समोर आली की लोक जे अक्षर पहिलं दिसेल तेच तिचं नाव समजून मोकळे होतात, आणि घोळ होतो तो तिथेच. इथे बोलतोय फक्त ली-एनफिल्डबद्दल, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री. कारण आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं हीच, एनसीसीच्या ड्रिलला हीच, आणि अमेरिका-कॅनडातली आपली हौशी मंडळी सरप्लसमधून घेतात तीही बऱ्याचदा हीच.

आधी मॅगझिन काढा, बोल्ट (हँडलवाला सरकता दांडा) मागे ओढा, चेंबर म्हणजे नळीतली गोळीची जागा रिकामी आहे ना ते डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. मग शिक्के.

शिक्के शोधताना पहिली चूक जागेची. लाकडी बट जिथे लोखंडात बसतो तो बोल्टच्या हँडलखालचा भाग म्हणजे बट सॉकेट. जुन्या नंबर वन मॉडेलला उजव्या बाजूला मुकुट, राजाची अक्षरं, फॅक्टरी, साल आणि मार्क, म्हणजे मॉडेलची आवृत्ती, अशी उतरंड असते. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर फोरला मात्र बहुतेक माहिती डाव्या बाजूला असते, त्यामुळे उजवी बाजू कोरी दिसली की "कोणीतरी घासून टाकलंय" असा निष्कर्ष काढू नका, उलटी करून बघा.

आता अक्षरं. 'एम ४७ सी' दिसलं की दहातले आठ जण म्हणणार १९४७ चं मॉडेल, आणि आपल्याकडे तर ४७ म्हटलं की स्वातंत्र्याची गोष्टच सुरू होते. तो बीएसए या ब्रिटिश कंपनीचा युद्धकाळातला कोड आहे, शत्रूला फॅक्टरी कळू नये म्हणून नावाऐवजी कोड ठोकायचे, त्यातला एम म्हणजे मिडलँड्स. खरं साल शेजारीच वेगळं असतं. तसंच 'यूएस प्रॉपर्टी' लिहिलंय म्हणून ती अमेरिकन आर्मीची होत नाही, मॅसॅच्युसेट्समधल्या सॅव्हेजच्या कारखान्यात ब्रिटनसाठी बनलेल्या आणि लेंड-लीज या अमेरिकेच्या युद्धमदत योजनेखाली गेलेल्या रायफलींवर तो शिक्का आहे. आणि 'इंग्लंड'? तो बऱ्याचदा युद्धानंतर विक्रीसाठी बाहेर पाठवताना मारलेला असतो, सॅव्हेजच्या रायफलीवरसुद्धा सापडतो, मग सांगा बनली कुठे. बॅरलवरचं २.२२२ हेही मॉडेल नाही, ती काडतुसाच्या केसची लांबी, इंचात.

राजाची अक्षरं मात्र नीट वाचा, कारण खोटी रायफल तिथेच पकडली जाते. व्हिक्टोरियाचं व्हीआर १९०१ पर्यंत, एडवर्डचं ईआर १९१० पर्यंत, पुढे जॉर्जचं जीआर. आखूड एनफिल्ड आलीच मुळी १९०३ च्या सुमारास, त्यामुळे तिच्यावर व्हीआर असेल तर ती बहुधा पाकिस्तानातल्या दर्रा आदम खेल वगैरे खैबर भागातली हाताने केलेली नक्कल. तिथले कारागीर हातानेच अख्खी रायफल घडवायचे, शिक्का मात्र चित्रासारखा उतरवायचे, म्हणून एनफिल्डच्या स्पेलिंगमधला एन उलटा, एखादं अक्षर गायब, मुकुट वाकडा. अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनीही अशा बऱ्याच नेल्या. भिंतीवर छान दिसतात, फायर करण्याच्या भानगडीत पडू नका. एनफिल्डच्या आधीच्या लांब ली-मेटफर्डवर व्हीआर असणं साहजिक आहे, तिला नकली म्हणून हिणवू नका.

आपल्या बंगालमधल्या इशापूरच्या रायफलींच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ. स्वातंत्र्याआधीच्या रायफलीवर मुकुटाखाली जीआरआय (राजा आणि सम्राट जॉर्जची अक्षरं), नंतरच्यांवर आरएफआय म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. १९६२ च्या युद्धानंतर तिथेच २ए आणि मग २ए१ आल्या, दिसायला थ्री नॉट थ्रीच पण गोळी ७.६२ एमएमची. "जुन्याच थ्री नॉट थ्रीला नवी नळी लावली" हे सगळीकडे ऐकू येतं ते चूक आहे, त्या नव्याने बनवलेल्या होत्या, जास्त मजबूत स्टीलमध्ये. मॅगझिन बघा, चौकोनी आणि बारा गोळ्यांचं, जुनं दहाचं. नेम धरायच्या मागच्या साइटवरचे अंतराचे आकडे २ए१ ला ८०० पर्यंतच, २ए ला २००० पर्यंत. दिसायला सारखी म्हणून एकीची गोळी दुसरीत घालून बघणारे महाभागही असतात. नको!

गावाकडे वाड्यात आजोबांची परवान्याची रायफल निघाली आणि सगळे थ्री नॉट थ्री म्हणताहेत, तर ती बहुधा .३१५ स्पोर्टिंग असते. थ्री नॉट थ्री प्रोहिबिटेड बोअर, सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून इशापूरने त्याच धर्तीवर ही काढली. नळीवर .३१५ किंवा ८ एमएम लिहिलेलं असतं. परवाना कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा, नसेल तर शिक्के बाजूला ठेवा आणि पोलीस स्टेशनला कळवा.

डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीला. ती चालवायची नाही, विषय संपला.

शिक्का पुसट असेल तर तारेचा ब्रश आणि सँडपेपर लांब ठेवा. तेलाचं फडकं फिरवा, खोलीत अंधार करून टॉर्च तिरका धरा, तरी वाचता येत नसेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. बटावरची पितळी चकतीही चमकवू नका, तिच्यावर पलटणीची खूण असू शकते. शेवटी बोल्टच्या हँडलवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून बघा, जुळला नाही तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, आणि गनस्मिथने गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला आत उरणारी जागा, तपासल्याशिवाय तिच्यात गोळी भरू नका.