ट्रकमध्ये शेतमाल भरताय? आधी गाडीचं पासिंग बघा

बॉडीत मावतंय म्हणजे भरायला चालतंय, हे आधी डोक्यातून काढा. गाडी किती भरायची ते बॉडीवर नाही तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर ठरतं, त्यावर मंजूर असलेलं वजन म्हणजेच पासिंग. आरसीवर दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचं वजन आणि दुसरा मालासकट जास्तीत जास्त वजन, दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतो तो तुमचा माल. दोन एक्सलच्या (एक्सल म्हणजे दोन्ही बाजूच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) मोठ्या ट्रकला 2018 च्या नोटिफिकेशनपासून एकूण 18.5 टनांची मर्यादा आहे, पण तुमच्या आरसीवर कमी आकडा असेल तर तोच धरायचा, आरटीओवाला तोच बघणार.

आता उदाहरण घ्या, गाडी रिकामी 6.5 टन, म्हणजे माल बसला 12 टन. बॉडी समजा 18 फूट लांब, 7 फूट रुंद आणि फाळके, म्हणजे बॉडीच्या कडेच्या भिंती, 5 फूट उंच. यात सुटा गहू काठोकाठ भरला तर साधारण साडेतेरा टनांच्या वर जातो, म्हणजे वरून एक दाणा सांडत नाहीये तरी गाडी ओव्हरलोड! गहू सव्वाचार फुटांच्या आसपास थांबवायचा, बॉडीला आतून खडूने रेघ मारून ठेवली की हमालांशी वाद नको. कापसाचं मात्र बरोबर उलटं, सुटा कापूस कितीही भरा वजन होत नाही, मग लोक वर चढवत जातात आणि बाजूनेही फुगवतात, तिथे उंची-रुंदीचा नियम आडवा येतो. रुंदी 2.6 मीटर आणि उंची रस्त्यापासून 4 मीटर, हो रस्त्यापासून, बॉडीच्या तळापासून नाही, आणि ताडपत्रीखालचा फुगवटा पण त्यात धरूनच. कडबा, भुसा यांचंही तेच. मागे माल बाहेर काढून लाल फडकं बांधलं की झालं असं बरेच जण समजतात, पण माल बाजूने, पुढून, मागून बाहेर आला किंवा उंचीच्या वर गेला तर कायद्यात 20 हजार दंड आहे.

ओला माल असेल तर पोती मोजून अंदाज करूच नका. 14 टक्के ओलाव्याचा 10 टन मका 22 टक्क्यांवर असेल तर 11 टन भरतो, पोती तेवढीच दिसतात.

अजून एक गोष्ट जी फार कमी जण बघतात, एकूण वजन बरोबर असलं तरी एक्सलचं वजन वेगळं मोजतात. पुढच्या दोन टायरच्या एक्सलला 7 टन, मागच्या चार टायरच्या सिंगल एक्सलला 11.5 टन. उतरवायला सोपं म्हणून सगळी पोती मागे फाळक्याजवळ रचली की मागचा एक्सल मर्यादेबाहेर जातो, पुढचं चाक हलकं होऊन स्टिअरिंगही नीट धरत नाही. त्यामुळे थर पुढून मागे सारखा लावत या. (एक्सलवर 20 टक्के जास्त वजन आलं की रस्त्याची झीज जवळपास दुप्पट होते असं रस्त्यावाल्यांचं गणित आहे, म्हणून एवढी कटकट.)

ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर ट्रॉलीची आरसी वेगळी असते, तिचं पासिंग वेगळं बघा.

भरून झालं की निघण्याआधी जवळच्या वजनकाट्यावर काटा करा आणि पावती ड्रायव्हरकडे द्या. जास्त निघालं तर तिथेच उतरवा, कारण रस्त्यात सापडलात तर 20 हजार अधिक प्रत्येक जादा टनाला 2 हजार, म्हणजे 3 टन जास्त असेल तर 26 हजार, वर जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत आणि तो उतरवायचा खर्चही तुमचाच, भाजी असेल तर विचारूच नका. दंड फक्त ड्रायव्हरला असतो असंही नाही, ज्याने तशी गाडी चालवायला लावली तोही यात येतो. आणि वजन करायला थांबा म्हणून हात दाखवला तर गाडी पळवू नका, थांबायला किंवा वजन करायला नकार दिला तर सरळ 40 हजार.