गरोदर गेस्टने ‘एक ग्लास चालेल का?’ विचारलं तर

वाइनच्या कामात नव्याने येणाऱ्याला द्राक्षांच्या जाती, सर्व्हिसचं तापमान, डिकँटिंग (वाइन बाटलीतून दुसऱ्या भांड्यात ओतणं) असं सगळं शिकवतात. या प्रश्नाचं उत्तर मात्र शिकवायचं राहून जातं. मग नवखा माणूस ऐकीव सांगून मोकळा होतो: रेड वाइन तब्येतीला बरी, फ्रान्समध्ये तर बायका घेतातच. असं कधीही सांगू नका. खुद्द फ्रान्समध्ये २००७ पासून बाटलीवर गरोदर बाईचं काट मारलेलं चित्र किंवा तशी लेखी सूचना सक्तीची आहे.

सांगायचं एवढंच: ‘गरोदरपणात दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण माहीत नाही, त्यामुळे अजिबात न घेणंच चांगलं.’ हे शांतपणे, एकदाच सांगा. कारण विचारलं तर तेही तयार असू द्या. १२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात १८ मिली, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ते वारेतून बाळाच्या रक्तात जातं. बाळाचं यकृत अजून कच्चं, त्यामुळे तिथे त्याचा निचरा सावकाश होतो. मेंदूची वाढ पूर्ण नऊ महिने चालते, म्हणून ‘तीन महिन्यांनंतर चालतं’ हेही खरं नाही.

‘दिवस गेलेत हे कळायच्या आधी घेतली होती’ असं कुणी घाबरून सांगितलं, तर धीर द्या, पण निदान करू नका. आता थांबावं आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं, इथे तुमचा सल्ला संपतो. रोज भरपूर पिणारीला एकदम बंद करायला सांगणं मात्र धोक्याचं असू शकतं. तिला लगेच डॉक्टरकडेच पाठवावं. आणि पोटाकडे बघून अंदाज बांधू नका. तिने स्वतः सांगितल्याशिवाय हा विषय काढणं अपमानाचं ठरतं.

खरी चूक होते ती पर्याय देताना. ‘डीअल्कोहोलाइज्ड’ वाइनमध्ये बऱ्याचदा ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल उरतं, म्हणून लेबल वाचून आकडा सांगा आणि शून्य हवं असेल तर ०.० लिहिलेलीच बाटली काढा. मॉकटेलमध्ये (बिनदारूच्या कॉकटेलमध्ये) सवयीने बिटर्स, म्हणजे कडू अर्काचे थेंब, पडतात. त्यांत ४० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असू शकतं. कोंबुचा म्हणजे आंबवलेला चहा, त्यातही थोडं असतंच. ‘शिजवल्यावर उडून जातं’ हे अर्धंच खरं: फ्लांबे केल्यावर (पदार्थावर दारू ओतून पेटवल्यावर) सुमारे ७५ टक्के उरतं, अर्धा तास मंद शिजवल्यावरही ३५ टक्क्यांच्या आसपास. सॉसमध्ये वाइन आहे का, हे किचनला विचारूनच सांगा. पर्याय म्हणून फळांचा रस दिलात, तर तो पाश्चराइज्ड (जंतू मारण्यासाठी तापवलेला) असावा.

चव जुळवणं हे तुमचं खरं काम, ते इथेही करा. वाइनमधला आंबटपणा व्हर्जूने (कच्च्या द्राक्षांच्या रसाने) येतो, टॅनिनचा तुरटपणा थंड केलेल्या काळ्या चहाने. चहा फार कडक नको, कारण गरोदरपणात दिवसाला २०० मिलीग्रॅमपर्यंतच कॅफीन घ्यावं असा सल्ला असतो. हे पेय वाइनच्याच ग्लासात द्या. टेबलावर तिला वेगळं पडल्यासारखं वाटत नाही.

सोमेलिए, म्हणजे वाइन चाखून सुचवणारी तज्ज्ञ, स्वतः गरोदर असेल तर? वाइन चाखून थुंकली तरी थोडं पोटात जातंच, आणि दिवसाला चाळीस नमुने म्हटले की ते साठतं. त्या काळात फक्त वास घ्यावा आणि तोंडातली चव सहकाऱ्याकडून टिपून घ्यावी. कॉर्क लागलेली (खराब बुचामुळे कुबट झालेली) बाटली तर एरवीही बहुधा नाकानेच कळते. वासाची जाण या महिन्यांत बदलू शकते, म्हणून शंका आली की तीच बाटली दुसऱ्याला हुंगायला द्यावी.