रेसकारमध्ये ईसीयूचा हार्नेस टाकायला शिकताय? मग हे वाचा

रेसकारमध्ये स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे कंपनीच्या ईसीयूऐवजी इंजिन चालवणारा वेगळा कॉम्प्युटर, टाकायचं ठरलं की सगळं बोलणं त्या डब्याभोवतीच फिरतं, मोटेक घ्यावा की हॅल्टेक की लिंक, कोणाचं सॉफ्टवेअर सोपं, कोणात ट्रॅक्शन कंट्रोल आहे वगैरे. नवीन मुलं माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. पण मी आजवर ट्रॅकवर बंद पडलेल्या ज्या गाड्या बघितल्यात त्यात ईसीयू खराब निघालाय फार क्वचित, बहुतेक वेळा कुठेतरी पिन सैल, कुठेतरी अर्थ (करंट परतायची जोडणी) कच्चा, नाहीतर वायर घासून उघडी पडलेली. म्हणून ज्याला या लाइनमध्ये यायचंय त्याने हार्नेस (वायरी आणि कनेक्टरचं जाळं) नीट शिकावा, ट्यूनिंग नंतर येईलच.

काम सुरू होतं कागदावर. एक शीट बनवायची, त्यात ईसीयूच्या प्रत्येक पिनेसमोर तिचं काम, वायरचा रंग, जाडी, ती कुठे जाते आणि तिकडच्या कनेक्टरमध्ये कितव्या नंबरला बसते हे सगळं लिहायचं. कंटाळवाणं वाटतं, खरंय, पण तयार हार्नेस घेतला तरी ही शीट स्वतःच्या हाताने बनवाच कारण बनवता बनवता इंजिन डोक्यात बसतं. आणि एक गोष्ट शीटवर ठळक लिहून ठेवा, कनेक्टरचं चित्र समोरून काढलंय की वायरीच्या बाजूने. मॅन्युअलमध्ये दोन्ही प्रकारची चित्रं असतात, आणि बाजू चुकली की सगळा क्रम आरशात बघितल्यासारखा उलटा होतो, मग ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि सेन्सर तर जातोच, कधीकधी ईसीयूचा इनपुटपण जातो.

त्याच शीटवर तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवा. क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं ओळखणारा) कुठला आहे, दोन वायरचा व्हीआर (चुंबक आणि कॉइलवर चालणारा) का तीन वायरचा हॉल (आत चिप असलेला)? (तीन वायरी दिसल्या म्हणून लगेच हॉल समजू नका, व्हीआरमध्येपण तिसरी वायर शील्डच्या जाळीची असू शकते, मीटर लावून बघा, व्हीआरच्या दोन वायरींमध्ये बहुधा काहीशे ते हजारभर ओहमचं कॉइल दिसतं.) इग्निशन कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आतच आहे का बाहेरून लावायचाय? आणि इंजेक्टर किती ओहमचे? १२ ते १६ ओहमचे असतील तर बहुतेक ईसीयू सरळ चालवतात, २ ते ४ ओहमचे असतील तर पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर (आधी जास्त, मग कमी करंट देणारा) नाहीतर रेझिस्टर लागतोच लागतो. इग्नायटर नसलेली कॉइल सरळ लॉजिक आउटपुटला (फक्त सिग्नल देणाऱ्या पिनेला) जोडली तर आउटपुट जळतो, तिथे नशिबाचा काही भाग नाही. म्हणून कॉइलचा पार्ट नंबर वाचल्याशिवाय, डेटाशीट बघितल्याशिवाय जोडायचीच नाही, शेजारच्या गाडीत तशीच दिसणारी कॉइल चालली हे कारण पुरेसं नाही.

आता वायर. साध्या पीव्हीसी वायरीने गाडी चालू होते, पण मोटरस्पोर्टमध्ये टेफझेल इन्सुलेशनची वायर वापरतात, १५० डिग्रीपर्यंत टिकते, इन्सुलेशन पातळ असतं म्हणून अख्खं बंडल बारीक होतं, आणि पेट्रोल-ऑइल लागलं तरी फुगत नाही. सेन्सरला २२ गेज (आकडा मोठा तशी वायर बारीक) पुरते, इंजेक्टरला २० किंवा २२, मेन सप्लाय आणि फ्युएल पंपाला मात्र करंट आणि लांबी बघून जाड घ्यायची. वरून डीआर-२५ नावाची श्रिंक ट्यूब घालतात, ती आखडून निम्म्या मापाची होते, म्हणून साइझ निवडताना बंडलचा व्यास मोजून घ्या, अंदाजाने नको.

क्रिंपिंगवर (पिन वायरीवर दाबून बसवण्यावर) जरा जास्त बोलतो कारण इथेच खरं कौशल्य आहे. डॉइशच्या डीटीएम कनेक्टरची पिन घ्या, सॉलिड बॅरलवाली, म्हणजे मागे अखंड नळी असलेली. वायरचं टोक सोलायचं, एकही तार तुटता कामा नये, तुटली तर ते टोक कापून परत सोला. मग पिनेत घाला आणि बॅरलवरच्या बारीक भोकातून बघा, तांबं दिसलं पाहिजे, म्हणजे वायर तळापर्यंत पोचली. इन्सुलेशन आणि बॅरलमध्ये अगदी थोडी फट राहते, तेवढी राहू द्या. चार बाजूंनी दाबणारं योग्य टूल लावा, ते पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही. मग ओढून बघा, लाजत लाजत नको, चांगला जोर लावून. पिन कनेक्टरमध्ये घातली की टक असा आवाज येतो, तो आला तरी परत एकदा मागे ओढा. मग वेज लॉक, म्हणजे पिना जागेवर धरणारी पाचर. कंपनीच्या सेन्सरच्या प्लगमधल्या उघड्या पंखांच्या पिनांना हे टूल चालत नाही, त्यांचं टूल वेगळं, त्यात एक जोडी पंख तांब्यावर आणि दुसरी इन्सुलेशनवर किंवा रबरी सीलवर वळते. साध्या पक्कडीने दाबलेली पिन टेबलावर छान दिसते, गरम झाली, थरथरली की सैल होते.

सोल्डर का नाही, हे सगळे विचारतात. सोल्डर वायरीत वर चढतं, तेवढा तुकडा कडक होतो, आणि जिथे कडक भाग संपून मऊ सुरू होतो नेमकं तिथे व्हायब्रेशनने तारा एकेक करून तुटतात. वरून इन्सुलेशन अखंड असतं त्यामुळे डोळ्याला काही दिसत नाही. जोड द्यायचाच असेल तर क्रिंप स्प्लाइस घ्या, वर गोंदवाली श्रिंक घाला, आणि सगळे जोड एकाच जागी आणू नका, पुढे-मागे करा म्हणजे बंडलला गाठ येत नाही.

आणि अर्थ. एवढा एक विषय नीट समजला तर अर्धे फॉल्ट होणारच नाहीत असं मी छातीठोकपणे सांगतो. रेसकारमध्ये दोन प्रकारचे अर्थ असतात आणि ते वेगळेच ठेवायचे. ईसीयूचा पॉवर अर्थ आणि कॉइलचा अर्थ सरळ इंजिनच्या ब्लॉकवर किंवा हेडवर, कारण स्पार्कचा करंट तिथूनच परत येतो. दुसरा सेन्सरचा अर्थ, म्हणजे थ्रॉटल पोझिशन, कूलंट टेंपरेचर, हवेचं टेंपरेचर, मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा), यांची परतीची वायर ईसीयूच्या सेन्सर अर्थच्या पिनेवरच न्यायची, बॉडीला कधीच नाही. बॉडीला दिली तर पंप, फॅन, स्टार्टर यांच्या करंटने अर्थचा व्होल्टेज हलतो आणि ईसीयूला वाटतं कूलंट अचानक गार झालं, मग तो पेट्रोल वाढवतो, आणि तुम्ही दोष ट्यूनिंगच्या मॅपमध्ये शोधत बसता. अर्थच्या बोल्टखाली रंग खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे, रिंग टर्मिनल सरळ धातूवर, वर वॉशर, आणि सगळं घट्ट झाल्यावर गंज लागू नये म्हणून वरून थोडं ग्रीस. इंजिन रबरी माउंटवर बसतं म्हणून इंजिन ते चेसिस जाड पट्टी वेगळी लागते, ती विसरली तर स्टार्टरचा करंट परतायला वाट शोधतो आणि ती वाट तुमच्या बारीक वायरींमधून जाते.

तपासायचं कसं, तर ओहम मोजून नाही. मल्टीमीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीयूच्या अर्थ पिनेला, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर मी पुढचं काम थांबवतो आणि बोल्ट उघडतो.

क्रँक आणि कॅमच्या वायरी जाळीच्या, आत पिळलेल्या. जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला जोडायची, सेन्सरच्या टोकाला कापून श्रिंकने बंद, दोन्हीकडे जोडली तर तिच्यातूनच करंट फिरतो. व्हीआर सेन्सरला प्लस-मायनस असतं हे पुष्कळांना माहीतच नसतं कारण उलटा जोडला तरी इंजिन बरेचदा चालू होतं. एक गाडी आमच्याकडे आली होती, ३६ वजा १ चं ट्रिगर व्हील (३६ दातांची जागा, त्यातला एक मुद्दाम रिकामा), आयडल छान, पण वर आरपीएम गेला की मिसिंग आणि लॉगमध्ये ट्रिगर एरर. प्लग, कॉइल, पंप सगळं बदलून झालेलं. स्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, लावला तर व्होल्टेजची जी सरळ खडी उतरण दाताच्या मध्यावर असायला हवी तिच्याऐवजी ईसीयू दोन दातांमधली आळशी उतरण पकडत होता, आणि रिकाम्या दाताजवळ तीच उतरण ताणली जात होती. कनेक्टरमध्ये दोन पिना अदलाबदल केल्या, टायमिंग लाइटने टायमिंग परत जुळवलं, एरर बंद. तेव्हापासून नवीन मुलांना मी स्कोप आधी हातात देतो.

रूटिंगबद्दल थोडक्यात. एक्झॉस्टपासून लांब, हाय टेन्शन लीडपासून लांब, धारदार पत्र्यातून जाताना ग्रोमेट, आणि इंजिन हलतं तेवढी ढील ठेवा. फायरवॉलवर एक गोल कनेक्टर दिला तर इंजिन काढताना अख्खा हार्नेस ओढावा लागत नाही, इंजिन वारंवार निघणार असेल तर हा खर्च करा. ईसीयू केबिनमध्ये, कनेक्टरचं तोंड खाली किंवा बाजूला, म्हणजे वायरीवरून पाणी आत उतरत नाही.

किल स्विचला (संकटात सगळं बंद करणाऱ्या मास्टर स्विचला) हलक्यात घेऊ नका. बॅटरी तोडली म्हणजे इंजिन बंद झालं असं नाही, अल्टरनेटर फिरत असतो, तो ईसीयूला जिवंत ठेवतो. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात मास्टर स्विचने सगळी सर्किट तुटली पाहिजेत आणि इंजिनपण बंद पडलं पाहिजे असं स्पष्ट आहे, म्हणून जास्तीचे कॉन्टॅक्ट असलेला स्विच घेतात, एका कॉन्टॅक्टने ईसीयूचा सप्लाय तुटतो आणि दुसऱ्याने अल्टरनेटरचा उरलेला करंट रेझिस्टरमधून जातो. गाडी चालू ठेवून, आरपीएम वर नेऊन स्विच फिरवून बघा. फक्त आयडलला तपासणं पुरेसं नाही.

आता पहिल्यांदा करंट सोडायचा दिवस. सगळ्यांना घाई असते, आवाज ऐकायचा असतो, मला समजतं, पण क्रम सोडू नका. ईसीयू न लावता आधी त्याच्या प्लगमध्ये मोजा, १२ व्होल्ट जिथे हवेत तिथेच आहेत का, अर्थ अर्थ आहे का. कॅन बस (डबे एकमेकांशी बोलतात त्या हाय आणि लो अशा दोन वायरी) असेल तर करंट बंद ठेवून हाय आणि लो मध्ये ओहम बघा, ६० आले पाहिजेत कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात, १२० आले तर एक कमी आहे, ४० आले तर कोणीतरी तिसरा लावलाय. मग ईसीयू लावा, इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढलेलेच राहू द्या, लॅपटॉप जोडा. गार इंजिनला कूलंट आणि हवेचं टेंपरेचर जवळपास सारखं दिसलं पाहिजे, मॅप सेन्सर त्या जागेचा हवेचा दाब दाखवेल, समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कलच्या आसपास. थ्रॉटल हळूहळू दाबा, आकडा कुठे अडखळतो का बघा. यात एक जरी विचित्र दिसला तर पुढे जायचं नाही, ५ व्होल्टची लाइन कुठे शॉर्ट असेल तर सगळेच सेन्सर एकदम वेडेवाकडे दाखवतात, मग एकेक प्लग काढत जा, ज्याने आकडे सुधारले तो दोषी.

मग फ्यूज परत लावून इंजेक्टर एकेक करून सॉफ्टवेअरमधून टिकटिकवा, पण रेलमध्ये प्रेशर नसताना, नाहीतर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं आणि नंतर सेल्फ मारताना कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नंबर १ ची वायर खरंच नंबर १ ला गेली का हे इथे कळतं. कॉइलच्या सेटिंगमध्ये एज (सिग्नल चढताना स्पार्क की उतरताना) उलटी असेल तर कॉइल सतत चार्ज होत राहते आणि हात लावायला नको इतकी तापते, म्हणून पहिल्या मिनिटात कॉइलजवळ हात नेऊन बघत जा. मग इंजेक्टर बंद ठेवून सेल्फ मारा, आरपीएम साधारण २०० च्या आसपास स्थिर दिसला पाहिजे आणि ट्रिगर एरर शून्य. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग एका आकड्यावर लॉक करून टायमिंग लाइटने पुलीवर तोच आकडा येतो का बघा. हे जुळल्यावरच पेट्रोल.

गाडी चालू झाली की पुष्कळ जण सामान आवरतात. मी पूर्ण गरम होऊ देतो, फॅन लागेपर्यंत, मग बंद करून थोडा वेळ तशीच ठेवतो आणि परत चालू करतो, कारण कच्ची पिन आणि जवळून गेलेली वायर गरम झाल्यावरच बोलते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचा हीटर इंजिन चालू झाल्यावरच सुरू होईल असं सेटिंग ठेवा, गार पाइपमधलं पाणी तापलेल्या सेन्सरवर पडलं की तो फुटतो. पहिल्या सेशननंतर बोनेट उघडून हार्नेसवर हात फिरवा, कुठे चकाकी आली असेल तर तिथे घासतंय.

ज्यांना यातच करिअर करायचंय त्यांना विचाराल तर आधी भंगारातला एखादा जुना हार्नेस आणून उघडा, कंपनीने जोड कुठे दिलेत, टेप कुठे, क्लिप कुठे ते बघा, मग टेबलावर एक छोटा बनवा, एक कॉइल, एक इंजेक्टर, एक क्रँक सेन्सर, एवढाच. क्रिंप मधोमध कापून आत तारा किती घट्ट बसल्यात ते भिंगातून बघा. टीमकडे काम मागायला जाल तेव्हा सर्टिफिकेटपेक्षा तुमची पिनआउट शीट आणि उघड्या क्रिंपचे फोटो दाखवा, समोरचा जाणकार असेल तर त्याला तेवढ्यात कळतं. आणि टूल एकदाच घ्या पण चांगलं घ्या, क्रिंपिंगचं टूल उसनं मागून हे काम शिकता येत नाही.